पात्राच्या आडून



गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या अम्मीचा फोन आला. "आपा, तुम्ही मुलांना शाळेत नाटकं शिकवता म्हणे. खरं आहे का?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. आपल्या घरांमध्ये 'नाटक' हा शब्द अजूनही 'तमाशा'च्या शेजारीच बसतो. मूल हट्टाला पेटले की आपण म्हणतो, नाटकं करू नकोस. मी त्यांना एवढेच सांगितले, की आम्ही नाटक करत नाही, वाचतो. रंग नाही, पोशाख नाही, पेटी-तबला नाही. पाच मुले गोल करून बसतात, हातात झेरॉक्सची पाने असतात, आणि पंचवीस मिनिटे वाचतात, बोलतात. त्यांचे समाधान झाले की नाही, कळले नाही. पण फोन ठेवल्यावर वाटले, ही गोष्ट नीट सांगायला हवी. तिच्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगायला हवी.

छत्तीस सेकंद

आमची शाळा उर्दू माध्यमाची. मी नववीला उर्दूही शिकवते आणि मराठीही. वर्गात ५८ मुले-मुली, तास ३५ मिनिटांचा. हिशेब करून पाहा. प्रत्येकाला बोलायची संधी द्यायची म्हटली तर एकेकाच्या वाट्याला ३६ सेकंद येतात, तेही मी स्वतः एक शब्द बोलले नाही तर! प्रत्यक्षात काय होते, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. तीच सहा-सात मुले हात वर करतात. उरलेली पन्नास माझ्याकडे बघत बसतात आणि मी समजते, की ती ऐकत आहेत.

मराठीच्या तासाला तर अडचण दुहेरी. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी दखनी बोलली जाते. बाजारातली मराठी त्यांना छान येते. भाजीवाल्याशी घासाघीस करताना कुणी अडखळत नाही. पण पुस्तकातली मराठी समोर आली की तोंडे मिटतात. 'ळ' आणि 'ण' चुकला की मागच्या बाकावर खसखस पिकते आणि ते मूल पुढे महिनाभर तोंड उघडत नाही.

बीएडला असताना गटचर्चेच्या फायद्यांवर आठ मुद्दे पाठ करून मी चांगले गुण मिळवले होते. नोकरी लागल्यावर मात्र ती वही कपाटात गेली. गट केले की गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून निरोप येतो, आणि 'पोर्शन' राहून जातो. हे कारण खोटे नव्हते, पण सोयीचे होते.

दोन वर्षांपूर्वी एकदा धड्याऐवजी नाटकाचा एक प्रवेश वाचायला घेतला, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. धडा एकट्याला वाचता येतो. नाटकाला मात्र माणसे लागतात. ते लिहिलेलेच असते वेगवेगळ्या तोंडांसाठी. वाक्ये बोलण्यातली असतात, एकाचे संपले की दुसऱ्याला बोलावेच लागते. अठ्ठावन्नांच्या वर्गात लपता येते, पाच जणांच्या गटात लपायला जागाच नसते.

नाटके निवडली दोन. मराठीसाठी गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा', उर्दूसाठी आगा हश्र काश्मिरींचे 'यहूदी की लडकी'. देवल १९१६ साली गेले, आगा हश्र १९३५ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे प्रती काढायला कुणाची परवानगी लागत नाही. गरीब शाळेला या गोष्टी बघाव्या लागतात.

'मला कांचनभट द्या'

'शारदा' रंगभूमीवर आले १८९९ साली. देवलांची बाकीची नाटके इंग्रजी, संस्कृत वगैरे नाटकांच्या आधाराने लिहिलेली. हे एकच त्यांचे स्वतंत्र. विषय जरठ-कुमारी विवाहाचा. पैशासाठी आसुसलेला कांचनभट आपली कोवळी मुलगी श्रीमंत म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. मध्ये भद्रेश्वर दीक्षित हा दलाल. विरोधात उभा राहतो तो कोदंड नावाचा तरुण. मुले दरवर्षी विचारतात, की बालविवाहाविरुद्धचा 'सारडा कायदा' याच शारदेवरून आला का? नाही. १९२९ चा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यात मुलीचे वय १४ धरले होते. आजच्या २००६ च्या कायद्यात ते १८ आहे.

हे सगळे मी अनेक वर्षे फळ्यावर लिहून शिकवत होते. शेवटी विचारायचे, "मग काय शिकलो?" आणि सगळा वर्ग एका सुरात सांगायचा, "बालविवाह वाईट आहे!" मी खूश. त्या सुरात सूर मिळवणाऱ्या मुलींपैकी काहींच्या मंगन्या त्याच उन्हाळ्यात होत, आणि मी जाऊन बिर्याणी खाऊन येत असे.

तर त्या वर्षी पहिल्यांदा गट केले. एका गटात पाच मुली होत्या. चिठ्ठ्या टाकून पात्रे वाटली. जिला शारदा आली, तिने चिठ्ठी परत माझ्या हातात ठेवली. "आपा, मला शारदा नको. मला कांचनभट द्या."

ही मुलगी वर्गात बोलत नसे. हजेरीला 'हाजिर' म्हणायची, तेवढाच तिचा आवाज मला माहीत. बाकीच्या चौघी हसल्या. मुलीने भटाचे काम कसे करायचे? मी त्यांना सांगितले, की त्या काळी रंगभूमीवर स्त्रियांची कामे पुरुषच करत. ही शारदासुद्धा बालगंधर्वांनी केली आहे. पुरुषाने शारदा झालेले चालते, तर मुलीने कांचनभट का होऊ नये?

पहिल्या दिवशी तिने अडखळत वाचले. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गटांमधून फिरत होते, आणि तिच्या गटाजवळ पाय थांबले. ती आवाज चढवत नव्हती. नाटकातल्या दुष्ट माणसासारखे डोळे वटारत नव्हती. थकलेल्या, मनातल्या मनात हिशेब करणाऱ्या बापाचा तो आवाज होता. चौघींचे हसणे आपोआप थांबले होते.

तिसरा दिवस चर्चेचा. चर्चेला आमचा एकच नियम होता: काहीही म्हणा, पण ते कोणत्या संवादावरून म्हणता, त्या ओळीवर बोट ठेवा. एक मुलगी म्हणाली, "हा बाप आहे की कसाई?" त्यावर आमची कांचनभट उसळली. "तुम्हाला काय ठाऊक? मुलगी मोठी झाली की लोक दारात येऊन काय काय बोलतात, ते बापालाच ऐकावं लागतं. घर काय तुम्ही चालवता?" दुसरी शांतपणे म्हणाली, "कुठं लिहिलंय ते? बोट ठेव." हिने पाने पुढेमागे केली. सापडले नाही. तिसरीने दुसऱ्याच जागी बोट ठेवले. "इथं बघ. याला पैशाचीच पडलीय." आमची कांचनभट त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हां. हा तसाच आहे. पण सगळे बाप असे नसतात."

आणि मग तिनेच ती गोष्ट पकडली, जी मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. नाटकात हे लग्न मोडते कशामुळे? ऐन लग्नाच्या वेळी दोन्हीकडचे गोत्र एकच निघाले म्हणून. गोत्र म्हणजे काय, हे मुलींना मी आदल्या दिवशी समजावले होते. ती म्हणाली, "म्हणजे गोत्र वेगळं निघालं असतं तर लग्न झालंच असतं. शारदेला नको होतं, म्हणून नाही मोडलं. ठरवताना कुणी तिला विचारलं नाही, आणि मोडतानाही कुणी विचारलं नाही."

गटात शांतता पसरली. एकजण म्हणाली, "आपल्यात तर विचारतात. वकील आणि गवाह येतात ना आत." त्यावर कांचनभट म्हणाली, "विचारतात. मांडव पडल्यावर."

माझी चूक

इथे मी गप्प राहायला हवे होते. शिक्षकाने या पंचवीस मिनिटांत बोलायचे नाही, हा नियम मीच केला होता. पण मला राहवले नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चौघींसमोर विचारले, "बेटा, तुझ्या घरी असं काही चाललंय का?"

तिचा चेहरा मिटला. दुसरा शब्द मला सापडत नाही. तिने पाने घडी करून दप्तरात टाकली आणि घंटा होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. नंतर तीन दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा तिची नाटकाची पाने माझ्या टेबलावर ठेवलेली होती. पुढे तिच्या मैत्रिणीकडून कळले, की तिच्या मंगनीची बोलणी चालू होती. मुलगा आखातात नोकरीला, वयाने बारा वर्षांनी मोठा. घरात आणखी दोन बहिणी.

त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही. मी तिच्या भल्यासाठीच विचारले होते. मग बिघडले काय? हळूहळू उमगले. मला वाटत होते, की ही मुलगी काही लपवत आहे आणि मी तिला बोलते करावे. खरे तर ती तीन दिवस बोलतच होती. कांचनभट होऊन बोलत होती. बापाची बाजू, घरची तंगी, लोकांचे टोमणे, आणि शेवटी स्वतःचा सवालही. नववीतल्या मुलीला जे 'मी' म्हणून कधीच बोलता आले नसते, ते सगळे तिने एका भटाच्या तोंडून बोलून घेतले. पात्र हा तिचा पडदा होता. पडदा म्हणजे तोंड बंद करणे नव्हे, हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको. पडद्याआडून माणूस मोकळे बोलतो, कारण त्याची अब्रू सुरक्षित असते. मी तो पडदा चारचौघींत ओढला आणि वर म्हटले, बोल बेटा.

माफी मागायलाही मी गेले नाही. तिच्याशी त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढणे म्हणजे पडदा दुसऱ्यांदा ओढणेच झाले असते. तीन-चार दिवसांनी पाने घेऊन तिच्या बाकापाशी गेले आणि म्हटले, "कांचनभटाचं वाचन अजून शिल्लक आहे. तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही." तिने पाने घेतली नाहीत. मी ती बाकावर ठेवून आले. दोन दिवसांनी ती गटात जाऊन बसली.

पुढचे मला फार उशिरा कळले, तेही तिच्या दादीकडून. निकालाच्या दिवशी त्या शाळेत आल्या होत्या. दादीला वाचता येत नाही. नात रोज रात्री इशानंतर त्यांना पाने वाचून दाखवायची, सगळ्यांचे आवाज काढून. दादी मला म्हणाल्या, "वो भद्रेश्वर है ना आपा, वैसा एक हमारे मोहल्ले में भी है." आणि पदरात तोंड लपवून हसल्या. मग गंभीर झाल्या. नाटक संपले त्या रात्री त्यांनी मुलाला, म्हणजे आमच्या मुलीच्या अब्बांना जवळ बसवून एकच प्रश्न विचारला होता: "तिला विचारलंस का?"

मंगनी मोडली नाही. तसे मी सांगितले तर गोष्ट छान होईल, पण ती खोटी होईल. मंगनी झाली. निकाह मात्र बारावीनंतर, मुलीचे अठरा पूर्ण झाल्यावर, असे दोन्ही घरांत ठरले. आज ती अकरावीत आहे. तो निर्णय नाटकाने केला की दादीने की तिच्या अब्बांच्या मनानेच, हे अल्लाह जाणे. मी त्यात काही केले नाही, एवढे मात्र नक्की. मी केले ते बिघडवण्याचेच होते.

इजाजत आणि मौन

'तिला विचारलंस का' हा प्रश्न आपल्याला नाटकातून शिकावा लागावा, हीच खरी शरमेची गोष्ट आहे. सहीह बुखारीत हजरत खनसा बिन्ते खिदाम (रजि.) यांची हकिगत आहे. त्यांचे आधी एक लग्न झालेले होते. वडिलांनी मर्जीविरुद्ध दुसरा निकाह लावून दिला. त्या थेट रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्याकडे गेल्या आणि आपली नापसंती सांगितली. आपण (सल्ल.) तो निकाह रद्द ठरवला. कुमारिकेचीही इजाजत घ्यावी, असा हुकूम आहे. ती लाजेने बोलली नाही तर तिचे मौन संमती धरले जाते.

या मौनाचा विचार मी आता फार करते. लाजेचे मौन वेगळे आणि भीतीचे वेगळे. ज्या मुलीला नऊ-दहा वर्षे वर्गातही बोलू दिले नाही, घरातही नाही, तिच्या मौनाचा अर्थ कोण लावणार? मौन संमती तेव्हाच होऊ शकते, जेव्हा त्या तोंडाला 'नाही' म्हणायची सवय असते. ही सवय लावणे हे काम घराचे आहे आणि शाळेचेही.

'आम्ही यहुदी का व्हायचं?'

दुसरे नाटक मुलांच्या गटाचे. आगा हश्र १८७९ साली बनारसला जन्मले. तरुणपणी मुंबईत आले आणि इथल्या पारशी नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी उर्दू नाटके लिहिली. त्यांचे वाक्य लयीत चालते, यमके जुळतात, आणि मुलांना ते मोठ्याने म्हणायला फार आवडते. 'यहूदी की लडकी' हे त्यांचे गाजलेले नाटक. १९५८ साली बिमल रॉय यांनी त्यावरून 'यहुदी' सिनेमा केला. दिलीपकुमारमुळे तो आपल्या आधीच्या पिढीला आठवत असेल. गोष्ट जुन्या रोममधली. सत्ता रोमनांची, यहुदी तिथे दबलेले. ब्रूटस नावाचा जुलमी रोमन अधिकारी आणि अजरा नावाचा म्हातारा यहुदी, ज्याचा मुलगा या जुलमात बळी गेला आहे. त्याच ब्रूटसची मुलगी अजराच्या घरी यहुदी म्हणून वाढते.

पाने वाटताच एका मुलाने हात वर केला. "आपा, आम्ही यहुदी का व्हायचं? पॅलेस्टाइनमध्ये काय चाललंय, तुम्ही बघता ना?" इतर मुलांनी माना डोलावल्या. अजराची चिठ्ठी कुणी घेईना. खरे सांगते, आठवडाभर आधी असते तर मी तिथेच भाषण दिले असते, जुलूम करणारे सरकार वेगळे आणि एक कौम वेगळी वगैरे. पण मुलीच्या प्रसंगाचा चटका ताजा होता. मी म्हटले, "एका मुसलमानाने हे नाटक लिहिलं, शंभरेक वर्षांपूर्वी. त्याने अजराला असं का लिहिलं, ते तुम्ही वाचून मला सांगा." आणि बाजूला झाले.

शेवटी ज्याने हरकत घेतली होती, त्याच्यावरच इतरांनी अजरा ढकलला. पहिले दोन दिवस तो मुद्दाम नाकात बोलत वाचत होता, बाकीचे हसत होते. अजरा आणि ब्रूटस समोरासमोर येतात, तिथे त्याचे नाकातले बोलणे कधी गळून पडले, त्यालाही कळले नसेल. ब्रूटस झालेला मुलगा रंगात येऊन दरडावत होता. अजराने पान खाली ठेवले आणि म्हणाला, "ए, थांब जरा. याचा मुलगा गेलाय आणि तू असं बोलतोस?" ब्रूटस म्हणाला, "मी नाही, ब्रूटस बोलतोय." अजरा म्हणाला, "तेच. ब्रूटसला विचारतोय."

चर्चेच्या दिवशी तोच मुलगा हळूच म्हणाला, "ज्याच्या हातात सत्ता तो ब्रूटस. मग तो कुठलाही असो." दुसरा म्हणाला, "आणि जो दबलेला, तो अजरा." तिसऱ्याने आपल्या मामाची गोष्ट सांगितली. शहरात भाड्याने घर बघायला गेला होता. सगळे ठरले, शेवटी नाव विचारले, आणि घर 'आधीच गेलेले' निघाले. सांगताना तो म्हणाला, "अजराचं ऐकून मला ते आठवलं." मी जवळच उभी होते. पेन वहीवर टेकवले आणि काही विचारले नाही. त्यांचे ते बोलत राहिले. घंटा झाली तरी उठले नाहीत.

त्या मुलाचे सगळे मत बदलले, असे मी म्हणणार नाही. बातम्या पाहून त्याला आजही राग येतो, आणि यायलाच हवा. पण 'यहुदी' हा शब्द तो आता शिवीसारखा वापरत नाही. आपल्या दुःखाची भाषा दुसऱ्याच्या तोंडातही असू शकते, एवढे त्याला समजले. हे मी सांगितले असते तर त्याने पटकन 'जी आपा' म्हटले असते आणि विसरून गेला असता.

घरी करून पाहा

सगळे गट असे रंगले नाहीत. एका गटाने दहा मिनिटांत प्रवेश उरकला आणि उरलेला वेळ क्रिकेटवर घालवला. एका गटात एकच हुशार मुलगी सगळ्यांची उत्तरे द्यायची. शेवटी तिला असे पात्र दिले, ज्याला त्या प्रवेशात दोनच वाक्ये आहेत. शेजारच्या वर्गातून निरोप आला तो आलाच. पण परीक्षेत या वर्गाने मराठीची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहिली. कुंजीतल्या ओळी कमी दिसल्या. शुद्धलेखन अजून कच्चेच आहे, ते सावकाश होईल, इन्शाअल्लाह.

ज्या अम्मींचा फोन आला, त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही, घरी करण्याजोगे थोडे सांगते. पाच माणसे पुरतात: अम्मी, अब्बा, दोन मुले आणि घरात असतील तर दादी किंवा नानी. ज्याला वाचता येत नाही, तो ऐकणारा, आणि शेवटी पहिला प्रश्न त्याचा. एका बैठकीत एकच प्रवेश, अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. कठीण शब्द आधी बघून ठेवावेत, म्हणजे वाचताना कुणी अडखळत नाही. पात्रे चिठ्ठीने वाटावीत आणि पुढच्या वेळी बदलावीत. अब्बांना एकदा तरी मुलाचे पात्र यावे आणि मुलाला बापाचे. मोबाईल दुसऱ्या खोलीत. उर्दू नाटके 'रेख्ता'च्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, जुनी मराठी नाटके गावच्या वाचनालयात मिळतात.

वाचून झाले की प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही'त संपत नाही. बोलायचे ते पात्राविषयी. कांचनभट असा का वागला, असे विचारा. "तुला कळलं का आता, आम्ही तुला का रागावतो?" असे मात्र चुकूनही विचारू नका. तो मोह फार होतो. मी त्याला बळी पडले आहे, म्हणून सांगते. मूल पात्राच्या आडून बोलत असेल तर त्याला तिथूनच बोलू द्या. ऐकणाऱ्याला कळायचे ते कळते. वेळ आली की ते पडदा स्वतःच बाजूला करते, आणि नाही केला तरी तो त्याचा हक्क आहे.

परवा आमच्या जुन्या कांचनभटची दादी बाजारात भेटली. चार मोसंबी माझ्या पिशवीत टाकत म्हणाल्या, "आपा, वो किताब हुई. अब दूसरी कौनसी?" पुढच्या वर्षासाठी नाटक शोधते आहे. तुमच्या मनात एखादे असेल तर जरूर कळवा.

खुदा हाफिज.